भरताचा चार्ज

जळगावात आमच्या मेहरूणमधल्या त्या प्रसूतिगृहात सुंदरबाईंना ‘सिस्टर’ म्हणायची ती फक्त नवी पेशंट, आणि तीही पहिल्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी तिला दिसायचं, की जिने आपलं बाळ पहिल्यांदा हातात घेतलं, तीच बाई वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टरांच्या मुलीला शाळेच्या रिक्षात बसवते आहे आणि जिन्याच्या पायरीवर मेथीही निवडते आहे. मग तीसुद्धा सगळ्यांसारखी ‘सुंदरबाई’ म्हणू लागायची. माझी दोन्ही बाळंतपणं तिथलीच, म्हणून मला ठाऊक.

सुंदरबाई आमच्याच गल्लीत राहत. नवरा भटूभाऊ, त्यांचं सायकलचं दुकान. धुळ्याला नर्सचं शिक्षण घेतलं तेव्हा तिघी मैत्रिणी एकाच खोलीत राहत होत्या : सुंदरबाई, अनवरी आणि इंदिरा. तिघींचं शिक्षण एक, प्रमाणपत्र एक. पुढे अनवरी लग्न होऊन सुरतेला गेली, इंदिरा बऱ्हाणपूरला. दिवाळीच्या सुट्टीत अनवरी जळगावला आली की आमच्या ओट्यावर दोघींची बैठक बसायची.

“पगार तुझ्या दुप्पट आहे गं,” अनवरी म्हणायची, “पण दवाखाना मोठा, सुईला हात लावू देत नाहीत. सकाळी ‘बेन, ट्रे लावो’, दुपारी ‘बेन, ट्रे लई जाओ’. ट्रे धरून धरून हाताला गंज चढला माझ्या.”

“आणि इंदिरा?”

“तिची सरकारी नोकरी. पण सरकार मध्यप्रदेशचं, म्हणून पगाराचं गणितच वेगळं. राहायला खोली दिलीय, पण खोलीत राहायला मिळेल तेव्हा ना! आज या गावाला लस टोच, उद्या त्या गावाला बाळंतीण बघ. आता तुझं सांग.”

“माझा पगार तुम्हा दोघींपेक्षा कमी,” सुंदरबाई म्हणाल्या. “काम तुम्हा दोघींचं मिळून. वर भरीत.”

अनवरी हसून हसून ओट्यावर आडवी झाली.

भरताची गंमत नव्हती मात्र. थंडी पडली, बाजारात ती हिरवी-पांढरी मोठाली वांगी आली, की डॉक्टरांकडे पाहुण्यांची रीघ लागे. आणि गच्चीवर कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत घोटायची ती सुंदरबाईंनीच. डॉक्टरांचे मित्र नाशिक-पुण्याहून त्या भरतासाठी येत. अवघड बाळंतपणाला सुंदरबाईंचा हात किती शांत चालतो, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

एका वर्षी डिसेंबरात सुंदरबाईंना जिल्हा परिषदेचा हुकूम आला. पारोळा तालुक्यात उपकेंद्रावर नेमणूक. पगार सरकारी, काम नर्सचं आणि फक्त नर्सचं. सोमवारी मूळ प्रमाणपत्र घेऊन हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक पुढच्या नावाला जाणार.

अडचण एवढीच, की प्रमाणपत्र त्यांच्याजवळ नव्हतं. नोकरीला लागल्या त्या दिवशीच डॉक्टरांनी ते “राहू द्या, सांभाळून ठेवतो” म्हणून कपाटात ठेवलं होतं. तेव्हा बऱ्याच खाजगी दवाखान्यांत ही पद्धत होती. पाखरू उडून जाऊ नये, म्हणून दोरा पायाला.

त्यांनी डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, “किल्ली वहिनींकडे असते.” वहिनींना, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, विचारलं. वहिनी म्हणाल्या, “अगं, रविवारी वीस पानं आहेत. तेवढं होऊ दे, मग बघू.” वहिनी काही वाईट नव्हत्या. सुंदरबाईंशिवाय घर कसं चालतं, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

शनिवारी मी सुंदरबाईंकडे विरजण मागायला गेले, तर भटूभाऊ दारातच विचारत होते, “कागद दिन्हा का?”

“नही. पहिले भरीत कराले सांगेल शे.”

“मंग जाळी टाक ते भरीत!” भटूभाऊ उसळले.

“नही,” सुंदरबाई शांतपणे म्हणाल्या. “चार्ज दिसन जासू.”

चार्ज देऊन जाणं म्हणजे काय, ते मी दवाखान्यात पडल्या पडल्या पाहिलं होतं. ड्यूटी संपली म्हणून नर्स उठून जात नाही. येणारीला प्रत्येक खाटेपाशी नेते, हिचा ताप उतरलाय, हिचं बाळ अजून दूध ओढत नाही, असं सगळं सांगते, आणि तिने मान डोलावली की मगच निघते.

रविवारी पुऱ्या लाटायला वहिनींनी आम्हा दोघीतिघींना बोलावलं होतं. सुंदरबाईंनी खालच्या खाटांचा चार्ज दुसऱ्या नर्सला दिला आणि गच्चीवर आल्या. काड्या रचल्या. मग एक तेल लावलेलं वांगं उचललं आणि वहिनींच्या हातात ठेवलं.

“बसा वहिनी.”

“मी?”

“खालचा चार्ज दिला. हा राहिलाय. उद्यापासून हे तुमच्याकडे.”

वहिनी आधी हसल्या, मग आमच्याकडे पाहिलं, आणि पदर खोचून बसल्या.

“टोचे मारा. घाबरू नका, ते ओरडत नाही,” सुंदरबाईंचा आवाज अगदी वॉर्डातला. “आता कूस बदला. एकाच अंगावर किती वेळ ठेवणार?”

धुराने वहिनींचे डोळे लाल झाले. सोलताना बोट भाजलं. सुंदरबाईंनी त्यांचा हात धरून पाण्यात बुडवला, फुंकर घातली आणि पुढचं वांगं समोर सरकवलं.

“हे सगळं तू एकटी करायचीस?” वहिनींनी विचारलं. “आणि मध्येच खालून हाक आली तर?”

“हात धुऊन खाली जायचं. बाळ झालं, की हात धुऊन वर.”

वहिनी बराच वेळ बडगीत घोटत राहिल्या.

पंगत बसली. पहिल्याच घासाला एक पाहुणे म्हणाले, “वा! सुंदरबाईंच्या हाताला तोड नाही.”

“आज हात वहिनींचा आहे,” सुंदरबाई पुरी वाढता वाढता म्हणाल्या.

वहिनींचा चेहरा असा फुलला, की त्या भाजलेलं बोटही विसरल्या. तिथेच त्यांनी कमरेची किल्ली काढली, हातही न धुता आतल्या खोलीत गेल्या आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर आल्या.

“घे. मिळाला मला चार्ज.”

डॉक्टरांनी ताटातून वर पाहिलं, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण तोंडात घास होता.

कागदाच्या कोपऱ्यावर वहिनींचा तेलकट अंगठा स्पष्ट उमटला होता. सुंदरबाईंनी तो रद्दीच्या कागदाने टिपून पाहिला, पण डाग आणखी पसरला.

सोमवारी संध्याकाळी पारोळ्याच्या एस.टी.तून उतरून त्या तडक माझ्याकडेच आल्या. हजर झाल्या होत्या.

“तिथल्या क्लार्कने कागद उजेडात धरला. म्हणे, हा डाग कसला हो? म्हटलं, आधीच्या नोकरीचा अनुभव आहे.”

“मग?”

“काय कळलं त्याला कोण जाणे. म्हणाला, बरं, सिस्टर, इथे सही करा.”

“सिस्टर म्हणाला? बघा, सुरुवात झाली!”

सुंदरबाईंनी चहाची बशी तोंडाला लावली.

“ताई, पहिल्या दिवशी सगळेच म्हणतात. दुसऱ्या दिवशीचं बघू.”