कळवतो म्हणायचं नाही

नलिनीताईंसमोर 'छान आहे' म्हणायची सोय नव्हती. आमची ओळखच त्यावरून झाली. इंग्लंडातल्या मिल्टन कीन्स गावी एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळाची दिवाळी चालली होती. गावात नव्यानेच आलेल्या एका मुलीकडे बघून मी शेजारणीला म्हटलं, "छान आहे नाही मुलगी?" आमच्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या, पांढऱ्या बॉबकटच्या एक बाई हातातल्या चकलीसकट गर्रकन वळल्या. "म्हणजे काय दिसलं तुम्हाला?" मी गडबडले. हसतमुख आहे, असं काहीतरी पुटपुटले. "हसतमुख आहे, हे दिसलं. छान आहे, हे तुम्ही घरून आणलंत," असं म्हणून त्यांनी चकलीचा तुकडा मोडला. आगाऊ बाई आहे, असं माझं तिथल्या तिथे मत झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र ज्याच्या त्याच्याकडे बघताना मी मनात 'काय दिसलं?' असं विचारत होते.

नलिनीताई भूल देणाऱ्या डॉक्टर. तरुणपणी साताऱ्याहून एकट्याच इंग्लंडला आल्या, लग्न केलं नाही, आणि निवृत्त होईपर्यंत हॉस्पिटलात नव्या डॉक्टरांची निवड करणाऱ्या समित्यांवर बसल्या. "भूल दिल्यावर सगळीच माणसं छान वाटतात गं," हे त्यांचं आवडतं वाक्य. बारीक अंगकाठी, खणखणीत आवाज, आणि गाडी चालवण्याची तऱ्हा अशी की शेजारी बसणाऱ्याने रामरक्षा म्हणावी. आमच्या गावात पावलोपावली राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचे गोल चौक. बोलणं रंगात आलं की त्या वळण सोडून आणखी एक फेरी मारायच्या, कारण मुद्दा पुरा झाल्याशिवाय बाहेर पडायचं कसं? माझी मिहिका तेव्हा प्राथमिक शाळेत होती. शाळा सुटल्यावर ती त्यांच्याकडे जायला लागली आणि बघता बघता आम्ही त्यांचं घर झालो.

पुढे दोन हजार सालानंतर आयटीच्या नोकऱ्यांमुळे गावात मराठी माणसं एकदम वाढली. आमच्यातल्या स्मिताने बायकांचं लेझीम पथक काढलं. ढोल ती स्वतः वाजवायची. कोल्हापूरहून बॅगांमधून आणलेल्या सोळा लेझिमी होत्या, म्हणून सोळाच जणी. उन्हाळ्यातल्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत आम्ही नाचलो, गोऱ्या पोलिसांनीही ठेका धरला, आणि आमची कीर्ती लंडनपलीकडच्या क्रॉयडनपर्यंत गेली. दुसऱ्या वर्षी तिघी जणी गाव सोडून गेल्या आणि त्या तीन जागांसाठी हॉल भरून बायका आल्या. बहुतेकींचे नवरे सकाळी गाडी घेऊन कामाला जात, आणि गाडीशिवाय या गावात बाई घरातच अडकते. त्यांना लेझीम हवी होतीच, पण त्याहून जास्त सोबत हवी होती. हे मला नंतर कळलं, तेव्हा आम्ही फक्त तोऱ्यात होतो.

तोरा म्हणजे काय तर टेबल मांडून आम्ही एका रांगेत बसलो आणि समोर एक खुर्ची ठेवली. एकेक जण येऊन बसायची. स्मिता विचारायची, "आडनाव काय? मूळच्या कुठल्या? मिस्टर कुठे असतात?" मग त्या बाईने दोन पावलं नाचून दाखवायची. पथकातल्या शुभांगीने सगळ्यांसाठी पोहे करून आणले होते. जी उठून बशा उचलायला लागली ती आम्हाला लगेच आवडली, आणि जी बसून राहिली तिच्याबद्दल आम्ही एकमेकींकडे बघितलं. शेवटी प्रत्येकीला हात जोडून सांगितलं, "कळवतो हं."

नलिनीताईंना आम्ही पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. त्या मागे पोहे खात बसल्या होत्या. शेवटची बाई बाहेर गेली आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "अगं बायांनो, हा तर मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. नवरा मुलगा तेवढा आणायचा राहिला." स्मिताचं तोंड उतरलं. त्यांनी विचारलं, कुणाला घेतलंत? आम्ही मोठ्या ऐटीत पहिलं नाव सांगितलं. का घेतलं? "कोल्हापूरची आहे ना, लेझीम रक्तातच असणार." नलिनीताईंनी बशी खाली ठेवली. "तिने लेझीम उलटी धरली होती. रक्ताचे अहवाल मी आयुष्यभर वाचले, त्यात मला लेझीम कधी सापडली नाही."

निकाल तिथेच रद्द झाला. सगळ्या उमेदवारांना फोन करून सांगावं लागलं की पुन्हा या, चूक आमची झाली. तोवर दर शनिवारी दुपारी आमचीच शाळा भरायला लागली. पहिल्या शनिवारी त्यांनी आम्हालाच त्या खुर्चीत बसवलं. प्रत्येकीने सांगायचं, तुला बघायला आले होते तेव्हा काय विचारलं. आधी सगळ्या लाजल्या, मग जे सुटल्या ते आवरेनात. स्मिताला सुईत दोरा ओवायला लावला होता, नजर बघायला. मला इंग्रजी पेपर मोठ्याने वाचायला लावला होता. शुभांगी आमच्यात सगळ्यात भिडस्त, कुणालाही 'छान छान' याखेरीज काही न म्हणणारी. ती हळूच म्हणाली, "मला स्वयंपाकघरापर्यंत चालून यायला सांगितलं. लंगडते का ते बघायला. मग म्हणाले कळवतो. ते अजून कळवतायत." "आजपासून या हॉलमध्ये कळवतो म्हणायचं नाही," नलिनीताई म्हणाल्या. "ज्या दिवशी बघितलं त्याच दिवशी सांगायचं. तोंडावर सांगायचं, आणि खरं कारण सांगायचं."

नंतरच्या एका शनिवारी त्या स्वतःच उमेदवार म्हणून आल्या. नारायणपेठी साडी, मोत्यांच्या कुड्या, आल्या आल्या प्रत्येकीचं कौतुक. मग लेझीम घेऊन नाचल्या. आम्ही भरभरून गुण दिले. पुढच्या शनिवारी त्या विटका कार्डिगन घालून आल्या, कुणाशी धड बोलल्या नाहीत, नाचल्या आणि बसल्या. आमचे गुण घसरले. "पोरींनो, दोन्ही वेळा मी त्याच ठिकाणी चुकले. मुद्दाम, घरी सराव करून चुकले. तुम्ही साडीला गुण दिलेत." मी वाद घातला, म्हटलं, स्वभावही बघायला नको का, पथकात मिसळून राहायचं असतं. त्या लगेच म्हणाल्या, "बघा की. पण स्वभाव बघायचा तर तिला कुणाबरोबर तरी नाचवा. दुसरी चुकली तर ही काय करते ते बघा. गोड बोलणं हा स्वभाव नव्हे, ती तयारी." बोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

असं ते पथक हळूहळू शहाणं झालं. सगळ्यात लहान असेल तिने आधी मत द्यायचं, म्हणजे थोरल्यांच्या तोंडाकडे बघून माना डोलत नाहीत. जिची कुणी नात्याची उमेदवार असेल तिने बाहेर जायचं. दोन वर्षं हे सुरळीत चाललं, आणि मग माझ्यावरच पाळी आली.

मिहिका ईस्टरच्या सुट्टीत युनिव्हर्सिटीतून घरी आली आणि म्हणाली, "आई, मी लेझीमसाठी ट्राय करते. पण तू कोणाला काहीच बोलायचा नाही, ओके? मला तुझी मुलगी म्हणून घेतलं, तर आय विल नेव्हर नो." इथे जन्मलेली पोर, मराठी बोलताना अडखळते म्हणून मंडळात कोपऱ्यात उभी राहणारी. ती आपणहून आमच्यात येऊ बघत होती. त्या वर्षी जागा एकच होती.

निवडीच्या दिवशी मी हॉलबाहेर पडले, तर माझ्या मागून नलिनीताईही आल्या. मी म्हटलं, तुम्ही कशाला? शिकवलंत तुम्ही, आज तुम्हीच नको? "ही पोर माझ्या स्वयंपाकघरात वाढली. मी आत बसले तर न्याय नाही व्हायचा, लाड होतील. शिवाय मी नसताना त्यांना जमतं का, तेही कळू दे की." आम्ही कार पार्कमध्ये त्यांच्या गाडीत जाऊन बसलो. आतून ढोल आणि लेझिमींचा खणखणाट ऐकू येत होता. त्यात मिहिकाची लेझीम कुठली, ते ओळखायचा मी वेड्यासारखा प्रयत्न करत होते.

त्यांनी थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला आणि समोर बघत म्हणाल्या, "वसुधा, मलाही बघायला आले होते. डॉक्टर झाल्यावर. चार ठिकाणची माणसं. चौघांनीही एकच कारण कळवलं, पत्रिका जुळत नाही."

"पत्रिकेचं तसंच असतं," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"अगं, माझे वडील पक्के सुधारक. आमच्या घरात कुणाची पत्रिका कधी केलीच नव्हती. त्यांनी कुणाची जुळवून बघितली, देव जाणे." त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "रंग? शिक्षण? का ही जीभ? लग्न नको होतं असं नाही, पण त्याचं दुःख फार दिवस उरलं नाही. कारण काय होतं, ते मात्र अजून मनात येतं. खरं सांगितलं असतं तर एक दिवस रडले असते आणि मोकळी झाले असते."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि मिहिका बाहेर आली. डोळे लाल. मी गाडीचं दार उघडून धावणार, तोच नलिनीताई माझ्याआधी बाहेर. "काय सांगितलं?"

"नाही घेतलं."

"ते दिसलं. कारण काय सांगितलं? कुणी सांगितलं?"

"शुभांगीमावशीने. ती म्हणाली, मी कोणाचं ऐकत नाही. ढोल मागे राहते आणि मी पुढे पळते. बाजूची बाई चुकली तर मला कळलंच नाही."

"शुभांगीने?" नलिनीताईंनी चक्क टाळी वाजवली. "शुभांगी बोलली हे? तोंडावर?" माझी लेक रडत होती आणि ही बाई आनंदाने नाचायची बाकी होती. मला असा संताप आला की थर्मास भिरकावून द्यावा. पण त्यांनी मिहिकाचे दोन्ही खांदे धरले आणि विचारलं, "खरं आहे का ते?" मिहिकाने नाक पुसलं. जरा विचार केला. "हो. आय डू रश."

"मग दुरुस्त कर. कारण खरं असलं की त्याचं काहीतरी करता येतं."

पोर रात्रभर रडली आणि सकाळी नाश्त्याला चमचा हातात घेऊन टेबलावर ठेका मोजत बसली. नंतर ती एक लेझीम उसनी घेऊन गेली आणि युनिव्हर्सिटीच्या खोलीत शेजाऱ्यांनी तक्रार करू नये म्हणून चकत्यांना मोजे बांधून सराव करत राहिली. पुढच्या वसंतात पुन्हा आली. नलिनीताई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, फुप्फुसांनी साथ सोडली होती. त्या वर्षीच्या कार्निव्हलआधीच त्या गेल्या. त्यांचा आवाज मी शेवटचा ऐकला तो निवडीच्या दिवशी.

त्या दिवशी मी हॉलबाहेर एकटीच येरझाऱ्या घालत होते. दार धाडकन उघडलं, मिहिका ओरडत बाहेर आली आणि मला मिठी मारून तिने आधी नलिनीताईंनाच फोन लावला. "आजी, घेतलं मला."

फोनमधून आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, "कारण काय सांगितलं?"

"कारण? काही नाही. सगळ्यांनी हग केलं."

"हे काय ऐकतेय मी?" दम लागत होता, तरी आवाज खणखणीतच. "परत आत जा आणि विचार. नाकारल्याचं कारण लागतं, तसं घेतल्याचंही लागतं. नाहीतर जन्मभर तुला वाटेल, आईमुळे घेतलं."

मिहिका थबकली. तिच्या मनातली भीती त्यांनी अशी उचलून समोर ठेवली होती. ती वळली आणि फोन तसाच चालू ठेवून आत गेली. मीही मागोमाग गेले, या वेळी मला कुणी थांबवलं नाही, निवड तर झाली होती. हॉलमध्ये चहा, पेढे, गलका चालू होता. मिहिका सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "मला का घेतलं, प्लीज सांगा." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शुभांगीने हातातला कप खाली ठेवला.

"तू मध्येच चुकलीस," ती म्हणाली. "आम्हाला सगळ्यांना दिसलं. पण चुकल्यावर तू पळाली नाहीस. थांबलीस, ढोल ऐकलास आणि पुढच्या ठोक्याला आत आलीस. शेजारची चुकली तेव्हा तिच्यासाठीही थांबलीस. बाकीच्या दोघींचे हात तुझ्याहून चांगले होते. त्या थांबल्या नाहीत. म्हणून तुला घेतलं."

मिहिकाने फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा पुढे धरला.

"हं," नलिनीताई म्हणाल्या, "आता ठरलं."