जांभळीची फांदी

हे मी अजून कुणाच्या कानावर घातलेलं नाही, नवऱ्याच्याही नाही. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सगळ्या नागपुरातल्या नातेवाइकांना ते ठाऊक आहे. हा एक तीळ मात्र इतकी वर्षं जिभेखाली धरून बसले आहे.

आधी तिच्याबद्दल सांगते. माझ्याबद्दल बोलायला लागलं की मी अडखळते.

शेकरू पाहिलंय तुम्ही? अंगणातली खार डोळ्यांपुढे आणू नका. ही मांजराएवढी असते. पाठ डाळिंबाच्या वाळल्या सालीसारखी तांबूस, पोट सायीच्या रंगाचं, आणि शेपूट — अंगापेक्षा लांब, झुपकेदार. मागच्या पायांनी फांदी पकडून उलटं लटकायचं आणि पुढच्या दोन हातांत फळ फिरवत फिरवत खायचं, अशी हिची जेवायची रीत. घर एक नाही, चांगली तीन-चार बांधते. काटक्या-पानांचा गोल गोळा, तोही फांदीच्या इतक्या बारीक टोकाला की जड जनावराचा पाय तिथे ठरू नये. कुणी शिकवलं हिला? आणि उडी काय मारते! वीस-वीस फूट, या झाडावरून थेट त्या झाडावर. जमिनीवर ती सहसा उतरतच नाही. वरच्या वर फांद्यांचा तिचा रस्ता असतो, आणि तो ठरलेला असतो.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. नंतर वाचलेलं नाही हे.

देवाजीदादा माझा मामेभाऊ. आलापल्लीच्या पुढे, जंगलाला लागून त्याची धानाची शेती. एका उन्हाळ्यात त्याचा फोन आला, "बांधावरच्या अर्जुनावर शेकरूनं घर केलं वं बाई. पिल्लं दिसून राह्यली. ये लवकर." मी शाळेत चित्रकला शिकवायचे, सुट्टी लागलेली, फोटोचं वेड डोक्यात. गाडी काढली आणि निघाले. यंदाच्या प्रदर्शनात माझा फोटो लागलाच पाहिजे — खरं सांगते, त्या वेळी मनात एवढंच होतं.

पिल्लं दोन होती. आई त्यांना सोडून चरायला जायची आणि परत यायची, तेव्हा घरट्याच्या तोंडाशी दोन इवली डोकी दिसायची. किती सुंदर! पण कॅमेऱ्यातून बघितलं की मध्ये शेजारच्या जांभळीची एक फांदी. पानांनी गच्च.

आम्हा फोटोवाल्यांत 'फ्रेम साफ करणं' म्हणतात. समोर आलेलं पान बाजूला सारायचं, काटकी मोडायची. सगळेच करतात. पण ही काटकी नव्हती ना! पिल्लांची आई रोज याच फांदीवरून जंगलात जात होती आणि याच फांदीवरून घरी येत होती. बांधावर अर्जुन एकटा उभा. दुसरं कुठलंच झाड त्याला भिडत नव्हतं. मी हे बघत होते — रोज, लेन्समधून, अगदी जवळून.

तरी दादाला म्हटलं, एवढी फांदी उतरवून दे.

"तोडतो. पन् तिले काही होनार नाही ना वं?"

काही होत नाही, म्हटलं मी. बाई शिकलेली, म्हणून त्याने पुढे विचारलं नाही. कुऱ्हाड घेऊन जांभळीवर चढला आणि फांदी उतरवली.

तोवर शेकरू अर्जुनाच्या खोडाला निश्चल चिकटून होती. धोका दिसला की शेकरू असंच करतं, साल होऊन जातं. तो उतरल्यावर बऱ्याच वेळाने हलली. घर उघडं पडलेलं तिला कळलं असणार. एक पिल्लू तोंडात धरलं आणि रस्त्याच्या टोकाला आली. रस्ता नव्हता. मागे फिरली, पुन्हा आली. पिल्लू तोंडात धरून तेवढी उडी झेपणार नव्हती. मग ती डोकं खाली करून खोडावरून सरळ जमिनीवर उतरली. जन्मात पायाखाली न घेतलेल्या मातीवरून, तोंडात पिल्लू, शेपूट वर, जांभळीकडे पळाली. इतकं धीराचं मी काही पाहिलेलं नाही. आणि मी फोटो काढला.

मग ती दुसऱ्यासाठी परत आली.

दादाचा कुत्रा, काळू, बांधाच्या सावलीत झोपलेला. ती दुसरं पिल्लू घेऊन उतरली तेव्हा तो जागा झाला. झेपावला तशी तिच्या तोंडातलं पिल्लू सुटलं. ती जांभळीवर चढली आणि तिथून ओरडत राहिली, किती तरी वेळ.

दादा डोकं धरून बसला. "माह्याच कुत्र्यानं केलं वं बाई." फांदीचा विचारही त्याच्या मनात आला नाही, कारण मी सांगितलं होतं ना, काही होत नाही. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी लेन्स पुसत राहिले.

त्याला काळू डोळ्यांपुढे नको झाला. उमरेडला त्याच्या लेकीच्या घरी सोड म्हणाला, तुझ्या वाटेवरच आहे. मी सोडलं. वाटभर काळू खिडकीतून तोंड बाहेर काढून खुशीत बसला होता.

फोटो प्रदर्शनात लागला. 'जमिनीवर शेकरू, तेही पिल्लासह! किती दुर्मिळ!' नागपूरच्या लकडगंजातून सागाची चौकट करून एक दादालाही दिला. शाळाशाळांत मी तो दाखवते. ती खाली का आली, असं मुलं विचारतात. आईचं काळीज असतं बाळांनो, असं म्हणते. टाळ्याही पडतात.

यंदा थंडीत दादाकडे गेले होते. आता थकलाय. त्यानंतर त्याने कुत्रं पाळलं नाही. घरी पाहुणे होते, त्यांना भिंतीवरचा फोटो दाखवत म्हणाला, "आमच्या बाईनं काढला हा. दोन पिल्लं होती. दुसरं माह्या पापानं गेलं." सगळे माझ्याकडे बघत होते, मी काही सांगेन म्हणून.

मी कप पुढे केला आणि अजून अर्धा चहा मागितला.