पऱ्हाटीतला आवाज

भूत शोधायला जायचं असेल तर आधी दिवसा जाऊन यावं. जागा उजेडात पाहिलेली असली की संध्याकाळी निम्मी भुतं गळून पडतात. ते पांढरं हलत असतं ते कुंपणाच्या तारेला अडकलेलं खताचं पोतं असतं. मेहकरजवळच्या एका विहिरीवर जखीण पाणी काढते अशी ओरड होती. मी दिवसा जाऊन स्टार्टरची पेटी पाहिली, तर आत ऑटो बसवलेला. लाईन आली की मोटार आपली आपण चालू व्हायची आणि ओसाड शेतात धो धो पाणी पडायचं. जखीण संपली. त्या मालकाने मला चहासुद्धा विचारला नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पेट्या उघडायची सवय घरातलीच. तो स्वतः भुताला जाम घाबरतो. सोबतीला असाच माणूस न्यावा. घाबरटाला आवाज आपल्या आधी ऐकू येतो. शूर माणूस नुसता बोलत राहतो, आणि मी शूर आहे.

बाकी गोष्टी साध्या. पायात बूट हवेत, हातात काठी हवी. बॅटरी समोर नाही, जमिनीवर मारायची, कारण भुताचा भरवसा नसला तरी सापाचा असतो. शेतमालकाला आधी सांगायचं. एकदा न सांगता गेलो तर लोकांनी आम्हाला मोटारचोर समजून बांधावर बसवून ठेवलं होतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे गप्प बसायचं. हे मला कधीच जमलं नाही. मी मुळात उतावळी. दूध तापत ठेवलं तरी दहा वेळा झाकण काढून बघते.

दिवाळी झाल्यावर ताईच्या पुतण्याचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं शेत. भाऊजी पोळ्याच्या पुढच्या आठवड्यात अचानक गेले होते. तेरवीला जाऊन आले तेव्हा ताई धड रडतही नव्हती. नुसती घरभर फिरत होती, या खोलीतून त्या खोलीत, काहीतरी ठेवून विसरल्यासारखी.

पुतण्या म्हणाला, "मावशी, काकाचा आवाज येते वावरातून. दिवस बुडला का 'आलो रे, आलो' करते. बाया कापूस वेचाले येऊन नाई राह्यल्या. अर्धी पऱ्हाटी फुटून उभी हाय, आभाळ बी भरून येऊन राह्यलं."

मला राग आला. माणूस जाऊन अडीच महिने झाले नाहीत तर त्याचं भूत करून मोकळे. आणि ताईचा वर्षाचा कापूस झाडावर. अवकाळीचा एक झोडपा आला असता तर सगळा काळा पडून मातीत गेला असता. शनिवारी शाळा सुटल्या सुटल्या आम्ही गाडीवर निघालो. खामगाव मागे पडल्यावर नवरा म्हणाला, "आपल्याच माणसाचं भूत असलं तं?"

मी म्हटलं, "तर जेवायला वाढू."

ताईने आम्हाला पाहून आनंद दाखवला नाही. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी सगळं केलं, पण मी कशासाठी आले हे कळल्यावर तिचा हात थांबला. म्हणाली, "दोन दिस थांब ना वं. काऊन घाई करतं? वेचणी होते बरोबर."

"बायाच येत नाहीत तर वेचणी कशी होईल?"

"येतीन."

मला वाटलं, ही घाबरली आहे. घाबरलेल्या माणसाला काही विचारू नये, हाही माझाच नियम. तेव्हा मी काहीच विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी एकटीच शेत पाहून आले. कपाशीच्या मधोमध तुरीच्या दाट ओळी, त्यांच्यात एक बांबू, बांबूवर हिरवा रंग दिलेला लहानसा भोंगा आणि वर तळहाताएवढं सोलर. रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं हाकलायला आता बरेच जण असं यंत्र लावतात. अंधार पडला की ते आपोआप सुरू होतं आणि भरलेला आवाज फिरवून फिरवून वाजवतं. बांबूच्या बुडाशी चार पदरी घडी केलेलं एक पोतं होतं. भोवतालची माती बसून बसून गुळगुळीत झालेली. ते मी पाहिलं. मुलांना मी नेहमी सांगते, निरीक्षण लिहून घ्या. मी वहीत लिहूनही घेतलं: "पोतं एक." कोण बसतं, हा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात आला नाही. मला भोंगा सापडला होता ना.

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन पुन्हा गेले. तो म्हणाला, "मी गाडीजवळ थांबतो, कोणी नेली तं?" त्याला ओढतच नेलं. सूर्य मावळला, तुरीत थोडा अंधार झाला आणि टक् असा आवाज झाला. मग भाऊजी ओरडले.

"हाऽट! हाऽट! आलो रे! आलो! थांब तुले पाह्यतो!"

मला सगळं ठाऊक होतं, तरी मी नवऱ्याचा हात धरला. तोच घोगरा आवाज, तीच शेवटची खरखर. बांधावरून कोणालाही एवढंच ऐकू आलं असतं. पण आम्ही अगदी खाली उभे होतो. आरोळीनंतर एक खोकला आला आणि मग हळू आवाजात, दुकानदाराला विचारल्यासारखं: "झालं का बे रेकॉर्ड?" पुन्हा हाऽट.

नवरा रडायला लागला. मी मात्र हसले. जिंकल्याचं हसू होतं ते, आज सांगायला लाज वाटते. भाऊजींनी जायच्या आधी बाजारातून यंत्र आणलं असणार, आवाज भरून घेतला असणार आणि लावायचं राहून गेलं असणार. कोणाला पत्ताच नव्हता. मग ते लावलं कोणी? हे मी ताईला त्याच रात्री विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण माझ्या डोक्यात उद्याचा प्रयोग शिजत होता. सोमवारची शाळेतली रजाही फोनवर टाकून झाली.

सोमवारी वेचणीच्या टोळीतल्या बायांना मी स्वतः घरोघर जाऊन आणलं. दिवसभर वेचा, संध्याकाळी तुम्हाला भूत हातात देते, म्हटलं. बाया आल्या. ताईही त्यांच्यात वेचत राहिली. उन्हं उतरल्यावर ती गाठोडी मोजायला बैलगाडीकडे गेली आणि मी सगळ्यांना तुरीत बोलावलं. नवऱ्याच्या पान्ह्याने भोंग्यामागची पेटी उघडली, आवाज भरलेलं नखाएवढं कार्ड काढलं आणि वर्गात दाखवते तसं उंच धरलं. "हे पहा तुमचं भूत. हात लावून पहा."

कार्ड या हातातून त्या हातात गेलं. बाया हसू लागल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. सर्वांत म्हातारी बाई, जिने पहिल्यांदा ओरड केली होती, ती हात मागे घेत म्हणाली, "मले नको वो मॅडम." दुसरीने तरी तिच्या हातावर ठेवलं, तिने दचकून हात झटकला.

काळी माती तोपर्यंत भेगाळलेली होती. काही भेगांत माझा हात मनगटापर्यंत जात होता.

तेवढ्यात ताई आली. उघडी पेटी तिने पाहिली. "आतलं कुठी हाय?"

मी म्हटलं, "इथंच पडलं, सापडेल."

ती एकदम खाली बसली आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागली. बसताना तिने सवयीने ते पोतं गुडघ्याखाली ओढलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. यंत्र तिनेच लावलं होतं. रोज दिवस बुडताना ती इथे येऊन बसत होती. गावाने भूत म्हटलं तर म्हणू दिलं, कारण यंत्र आहे असं सांगितलं असतं तर कोणीतरी हुशारी करून ते काढायला लावलं असतं. तो हुशार माणूस मीच निघाले. कापूस जाईल हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिने फक्त दोन दिवस मागितले होते.

मग सगळ्याच जणी खाली बसल्या. मोबाइलचे उजेड लागले. भेगांत काड्या घातल्या, ढेकळं फोडली, लुगड्यांच्या ओच्यांत माती घेऊन चाळली. अंधार पडला तसा बांबूवर टक् झालं आणि पुढे काहीच वाजलं नाही. ती म्हातारी रांगत रांगत भेगेशी तोंड नेऊन म्हणाली, "मालक, एक डाव आवाज द्या ना."

कार्ड सापडलं नाही.

वेचणी आठ दिवसांत उरकली, पाऊस आला नाही. सगळे म्हणाले मॅडममुळे झालं. भाऊजींनी यंत्र घेतलं होतं त्या संग्रामपूरच्या दुकानात मी दोनदा जाऊन आले. दुकानदाराने भरलेले जुने आवाज कधीच पुसून टाकले होते. कुत्र्याच्या भुंकण्याचं नवं कार्ड घेऊन दिलं, ते ताईच्या देव्हाऱ्याशेजारच्या डबीत तसंच पडलं आहे. रोह्यांनी तूर खाल्ली. ती मला बोलली नाही, ओरडलीही नाही, आणि त्याने माझा जीव जास्त जळतो.

आता कोणी भुताचं सांगत आलं तर मी नाही म्हणते. पण दिवेलागणीला घरात बसवत नाही. सुट्टी लागली की मी ताईकडे जाते, तुरीची जागा काठीने उकरते. मध्ये नांगरट झाली, पेरणी झाली, कार्ड कुठल्या कुठे गेलं असेल, हे मला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळतं. तरी जाते. परवा ताई पाण्याची बाटली घेऊन मागून आली, माझ्या काठीकडे पाहत उभी राहिली.

म्हणाली, "सापडलं तं आगुदर मले सांगजो. बायाईले मंग."