दगडूरावांचं नाव

आळेफाट्यावर एसटीच्या डिझेलचा वास नाकात गेला, तेवढ्यात फोनवर माळशेजच्या दरडीचा व्हिडिओ आला. बघणाऱ्यांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत होता.

मला लहानपणी काकाबरोबर पाहिलेली, घाटमाथ्यावरच्या मढची शाळा आठवली. तेव्हाही घाट खचला होता, फोन बंद होते. शाळेत थांबलेले अडकलेले प्रवासी सुखरूप असल्याची बातमी माझा वार्ताहर काका नावांसकट लिहीत होता. बाहेर खच्चून भरलेली आळेफाट्याची गाडी हॉर्न देत होती; कंडक्टरच्या हाती दिलेलं बातमीचं पाकीट पुढे पुण्याच्या छापखान्यात पोचायचं.

मंचरची एक म्हातारी म्हणाली, "घरी तेवढं कळवा, भाऊ." पण नवऱ्याचं नाव घेईना.

काका म्हणाला, "मावशी, नुसत्या सखुबाई लई असतात. गाडी चालली, उखाणा घ्या!"

ती पदराआडून म्हणाली, "घाट खचला, गाडी थांबली मढच्या शाळेपाशी, दगडूरावांचं नाव घेते पेपरवाल्या भावापाशी."

सगळे हसले. काका पाकीट घेऊन धावला.

दुसऱ्या दुपारी तिचा मुलगा पेपर घेऊनच आला. किती अनोळखी हातांतून गेलेलं ते नाव बिनचूक छापलं होतं! तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आज थक्क व्हायला होतं.

मुलानं दाखवलं तिथं म्हातारीनं बोट ठेवलं आणि ती लाजली. नाव मात्र तिनं घेतलं नाही.