ट्रकचं चिलखत
ठिणगीकाकांनी उभी हयात खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं वेल्डिंग करण्यात घालवली. एकदा बसवून आलं, की कामाचा आणि त्यांचा संबंध संपला.

त्यांची सून गुरांची डॉक्टर. डोंगरातल्या वस्त्यांवर ती स्वतःचा छोटा ट्रक घेऊन जायची. वाट कसली, नुसते धोंडे! दुसऱ्यांदा इंजिनाखालचं ऑइल चेंबर फुटलं, तेव्हा काका म्हणाले, "सूनबाई, ट्रक चार दिवस माझ्याकडे सोड. त्याला चिलखत घालतो."

गल्लीतले हसले. "काका, ट्रकला फाटक बसवताय का?"

काकांनी तिकडे कानाडोळा केला. जाड पोलादी पत्रा त्यांनी पुढून होडीसारखा वर वाकवला, तेल बदलायला भोक ठेवलं आणि तो इंजिनाखाली बोल्टांनी घट्ट आवळला.

पहिल्या फेरीला ते हट्टाने सुनेशेजारी बसले. चढणीवर ट्रकच्या पोटाखालून असा खणखणाट झाला, की तिने करकचून ब्रेक मारला. काका त्या वयात सरपटत खाली शिरले.

"बाबा, किती लागलंय?" सुनेने घाबरून विचारलं.

"ते दगडाला विचार!" खालून आवाज आला आणि पाठोपाठ हसू. पत्र्यावर एक लांब ओरखडा होता, तेलाचा मात्र थेंबही नाही.

काका धूळ झटकत बाहेर आले. आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "इतकी वर्षं काम केलं, पण ते असं उपयोगी पडताना कधी बघितलं नव्हतं गं. घे मागे, पुन्हा एकदा जाऊ त्याच दगडावरून."

सुनेने कपाळावर हात मारला आणि हसत हसत खरंच रिव्हर्स टाकला.