अज्ञेयवादी की आज्ञावादी?

कळमन्याच्या बाजारात मी जन्मभर संत्र्याच्या पेट्या उचलल्या. पेट्या गेल्या, किस्से राहिले. आता आम्ही तिघे म्हातारे सकाळी गेटजवळच्या टपरीवर बसतो, अन् एक किस्सा काढला की चार निघतात. काट्यावर माल तोलणारे वामनराव मापारी पक्के नास्तिक. आमच्या आडतीचे दिवाणजी खूप वाचलेले. मी शाळेत न गेलेला, देव मानणारा.

एकदा दिवाणजी म्हणाले, "मी नास्तिक नाही गा. मी अज्ञेयवादी."

मला ऐकू आले, आज्ञावादी. म्हटले बरोबर आहे, बायकोची आज्ञा मोडायची यांची छाती कुठे! महिनाभर मी हेच सगळ्यांना सांगितले. कोणालाच खोटे वाटले नाही.

कळल्यावर दिवाणजींनी संत्रे हातात घेऊन मला समजावले. आत फोडी आहेत म्हणतो तो आस्तिक. आत काहीच नाही म्हणतो तो नास्तिक. अन् हे सोलताच येत नाही, मग आतले कसे सांगू, असे म्हणतो तो अज्ञेयवादी.

तेवढ्यात वामनरावांनी ते संत्रे घेतले, सोलले अन् खाल्ले. म्हणाले, "आंबट हाय."

आता हे कोणाच्या बाजूने धरायचे, मला अजून उमगले नाही.

मारुतीचा पेढा मी दोघांनाही देतो. वामनराव अख्खा खातात. पेढ्यावर त्यांना शंका नाही. दिवाणजी अर्धाच घेतात. म्हणतात, "बाकीचा, देवाचा निकाल लागल्यावर."

मग वामनरावांच्या बायकोचे, कुसुमवहिनींचे, हृदयाचे ऑपरेशन निघाले. नेमका शनिवार. त्यांचा शनिवारचा उपास कधी चुकलेला नाही. आत नेताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "सलाईन लागली, माहा उपास मोडला. आज तुमी धरा."



सकाळपासून आम्ही तिघे उपाशीच होतो, म्हणून मी बाहेरून तर्री पोह्यांच्या तीन प्लेटा आणल्या. वामनरावांनी आपली माझ्याकडे सरकवली.

दिवाणजींनी हळूच विचारले, "देव नाही म्हनता, मंग उपास कोनाचा?"

"तिचा."

दिवाणजींनी उचललेला चमचा परत आपल्या प्लेटीत ठेवला. "मले काही समजून नाही राहिलं," म्हणाले, अन् तीही माझ्याकडे सरकवली.

दुपारी नर्सने येऊन सांगितले, वहिनी शुद्धीवर आल्या. तोवर तिन्ही प्लेटा रिकाम्या होत्या. आमच्यात देव मानणारा मी एकटा, अन् तिन्ही मीच खाल्ल्या होत्या.