लाल दिव्याचा बाण आणि धैदचं काळं अस्वल

"शेट, शनिवारी धैदला अस्वल मारायला येतोस का?"

सावियोचा हा मेसेज आला तेव्हा मी शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या माझ्या वर्कशॉपमध्ये एसीच्या डक्टचा पत्रा वाकवून घेत होतो. पत्रा अर्धा वाकलेला तसाच ठेवून आधी "येतो" लिहिलं, मग काम. वाचणाऱ्यांनी घाबरू नये. या देशात उठून कोणी शिकारीला जात नाही, आणि जाऊही नये. धैदच्या बाहेर एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, शेतावर फोमची जनावरं उभी केली आहेत. एक हरीण, दोन रानमेंढे आणि एक काळंकुट्ट अस्वल. वाळवंटात अस्वल काय करतंय हे विचारायचं नाही. आपण साधं धनुष्य घ्यायचं, दुर्बीण नाही, दोरी हलकी करणारी चाकं नाहीत, आणि शिकाऱ्यासारखं दबकत जाऊन नेम धरायचा. सावियो वसईचा, दुबई मरीनातल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळतो. अर्बाब तिथे नेहमी जेवायला येतो, त्या ओळखीवर ही जागा मिळालेली.

यावेळी मला तिथे नवीन खेळणं न्यायचं होतं, दिव्याचे नॉक.

नॉक म्हणजे बाणाच्या शेपटीची खाच, दोरी जिच्यात बसते ती. दिव्याच्या नॉकमध्ये इवलीशी बॅटरी असते. बाण सुटताना दोरीचा धक्का बसला की दिवा पेटतो आणि संधिप्रकाशात बाण कुठे गेला ते दिसतं. पन्नाशीनंतर माझे डोळे संध्याकाळी संपावर जातात, म्हणून मला हे हवंच होतं. पण विकत घ्यायला गेलो आणि डोक्याचा पार भुगा झाला.

दुकानातला फिलिपिनो पोरगा म्हणाला, "सर, व्हॉट साइज?" म्हटलं, बाणाच्या साइजचे दे. त्यावर त्याने इंग्रजी अक्षरांची अशी काही माळ म्हणून दाखवली की मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखं वाटलं. प्रत्येक अक्षर म्हणजे बाणाच्या पोकळ नळीचं वेगळं माप. लाकडी बाणात हे सहसा बसतच नाहीत, तिथे वेगळा जोड लागतो, तेव्हा माझे सुंदर लाकडी बाण घरी राहिले आणि कार्बनचे काळे बाण काढावे लागले. मग रंग. सावियो म्हणे लालच घे. इंटरनेटवर एक जण म्हणे हिरवा, दुसरा म्हणे हिरवा घेणारा मूर्ख. मग वजन. दिव्याचा नॉक साध्यापेक्षा जड, शेपूट जड झाली की बाणाची चाल बदलते, मग पुढचं टोकही जड करा. किती? त्यावर पुन्हा तिघांची तीन उत्तरं.

शेवटी तीन लाल नॉकचं पाकीट घेतलं. शंभर दिरहम, म्हणजे जवळपास अडीच हजार रुपये. हे मी दुकानातच मोठ्याने बोललो, आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या ईशाने "बाबा, स्टॉप कन्व्हर्टिंग" म्हणून मान फिरवली. घरी आल्यावर दिवा पेटवून दाखवला तर म्हणाली, "इट्स जस्ट अ ग्लो स्टिक." शनिवारी तिला मैत्रिणीकडे जायचं होतं. खलास.

नॉक नळीत जरा सैल बसत होते. आता जोड सैल म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस काय करणार? पाइपाच्या आट्यांवर गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप काढली, दोन वेढे दिले, नॉक आत दाबला. छान बसला. मग दोरीत अडकवून पाहिला. माझी दोरी जुन्या पद्धतीची, जाड. नॉक तिच्यावर असा बसला की बाण लोंबकळत राहिला, दोरीला टिचकी मारली तरी पडेना. मला काय आनंद झाला! आयुष्यभर हवा गळू नये म्हणून जोड घट्ट करत आलेला मी. हिच्याकडे बघून म्हटलं, "बघ मेधा, याला म्हणतात फिटिंग."

"हो, पण बाण सुटायला हवा ना?" मेधा म्हणाली. आमच्या हिला धनुष्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मी नॉक आणखी एकदा आत दाबला.

शनिवारी जेवण उरकून मी आणि मेधा निघालो, सावियो दुबईहून परस्पर येणार होता. शारजा-धैद रस्ता म्हणजे लोणी. तासाभराच्या आत पोचता, पण कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा आणि शेवटच्या कच्च्या पट्ट्याआधी टायरची हवा कमी करा. फोर बाय फोर नसेल तर गाडी डांबरावर ठेवून चालत जा. धैदच्या आधी एका कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवला, गाडीतच करक, म्हणजे कडक दुधाळ, चहा आणि अंड्याचा पराठा आला. चहा एक दिरहमचा असायचा, आता दीड झालाय. वाळू इथे तांबडी होत जाते, मधे मधे गाफची झाडं, आणि हिवाळ्यात दुपारचं ऊनसुद्धा अंगावर घ्यावंसं वाटतं. स्वेटर मात्र हवाच. सूर्य कलला की थंडी एकदम येते.

फाटकापाशी गुलशेर उभा होता. हा पेशावरकडचा, अर्बाबचे उंट सांभाळतो. प्रत्येक वेळी आत सोडण्याआधी तो तोच नियम म्हणून दाखवतो. "साब, जितना तीर अंदर, उतना तीर बाहर." कारण उघड आहे. उंट दिवसभर पलीकडे चरतात आणि सूर्य बुडाला की याच वाळूतून गोठ्यात परततात. एका बाजूला हायवेचं कुंपण आहे, दुसरी वाट नाही. वाळूत लपलेल्या बाणावर पाय पडला तर उंट आयुष्यातून उठला. अर्बाबने जागा दिली ती या एका अटीवर, आणि सावियोच्या शब्दावर.

"आज जल्दी करना साब," गुलशेर पुढे म्हणाला. "काली का दिन भर गया है. आज कल में बच्चा देगी. उसको टैम से अंदर लेना है."

काली म्हणजे त्याची लाडकी सांडणी.

दुपार मस्त गेली. मी साधे नॉक वापरले, दिव्याची बॅटरी उगाच कशाला जाळा. हरणाला बाण बरे लागले, मेंढ्याला त्याहून बरे. सावियोने अस्वलाच्या कानात एक बाण घातला आणि तो नेम धरूनच मारला होता असं सांगितलं. ऊन उतरलं, सगळे बाण काढून मोजून झाले, तेव्हा तो म्हणाला, "अरे, तुझी दिवाळी दाखव ना शेट. एकच मार. मग यल्ला, घरी."

मी अस्वलासमोर वीसेक पावलांवर उभा राहिलो. अस्वलाचा आता नुसता काळा ठोकळा दिसत होता. दोरी ओढली, सोडली. लाल ठिणगी पेटली, आणि काय सांगू, डावीकडे वळून अर्ध्या वाटेतच एका झुडपाजवळ वाळूत पडली.

"मिस!" सावियो ओरडला. "कसला मिस! अस्वल हसतंय तुला."

मी स्वतः बघितलं, मेधाने बघितलं, फाटकावरून गुलशेरने बघितलं. बाण डावीकडे गेला. फक्त एक होतं. ठिणगी पेटली त्याच्या पुढच्याच क्षणी मला कुठूनतरी एक 'थप्प' ऐकू आलं होतं. मी ते सोडून दिलं. दिवा तिकडे पडलेला डोळ्यांनी दिसत असताना कानांचं कोण ऐकतो?

झुडपाजवळ गेलो. लाल नॉक वाळूत मजेत चमकत होता. टेपचे वेढे अजून त्याच्या अंगावर होते. बाण नव्हता.

"घुसला असेल वाळूत," सावियो म्हणाला. "आडवा सरकतो तो, साप जसा. शोध, शोध."

आम्ही गुडघ्यांवर बसलो. बोटांनी वाळू विंचरली. झुडपाच्या पुढे, मागे, डावीकडे. काटे टोचले. गुलशेरने गोठ्यातलं लोखंडी फावडं आणलं, तेही फिरवून झालं. उजेड पातळ होत चालला आणि पलीकडून उंट चराईकडच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. त्यांच्यातून एक घोगरा, लांबलेला आवाज पुन्हा पुन्हा यायला लागला.

"काली है," गुलशेर म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"अहो, तिला बाहेरच झालं तर?" मेधाने हळूच विचारलं. "या थंडीत?"

तेवढ्यात गुलशेरचा फोन वाजला. अर्बाब. फावडं आणायला गेला तेव्हा गुलशेरनेच त्याला कळवलं होतं. त्याने फोन स्पीकरवर लावला. म्हाताऱ्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, त्यानेच जास्त भीती वाटली. "तीर मिला? नहीं मिला? तो ऊंट उधर रुकेगा. तीर मिलेगा, ऊंट आएगा. नहीं मिलेगा, सावियो को बोलो, कल से कोई तीर नहीं. खलास."

सावियोचा चेहरा उतरला. "शेट, मी शब्द दिला होता रे त्याला," एवढंच म्हणाला.

नॉक इथे आणि बाण इथे नाही, हे गणितच बसत नव्हतं. बाण सरकला म्हणावं तर वाळूवर रेघ नाही. उडाला म्हणावं तर कशावर आपटून? मी उभा राहिलो, हात झटकले आणि पहिल्यांदा डोळे मिटले. वर्कशॉपमध्ये हे मी रोज करतो. गिऱ्हाईक छताकडे बोट दाखवून म्हणतं डक्ट इथे खडखडतोय, आणि डोळे मिटून ऐकलं की खडखड दोन खोल्या सोडून निघते. मग मघाचा तो 'थप्प' आठवला. वाळूत बाण शिरला तर 'सस्स' होतं. 'थप्प' वाळू करत नाही. फोम करतो.

"सावियो," मी म्हटलं, "अस्वलाकडे कोणी गेलं होतं का?"

"कशाला जायचं? मिस झाला ना तुझा!"

मी चालत गेलो. काळं अस्वल, काळा बाण, विझत आलेला उजेड. हात फिरवल्यावर बोटांना पिसं लागली. बाण अस्वलाच्या पोटात पार पिसांपर्यंत रुतून बसला होता, मागे नॉकची जागा मोकळी.

"मिळाला!" मी इतक्या जोरात ओरडलो की उंटसुद्धा गप्प झाले.

सावियो धावत आला, बाण बघितला, मला बघितला आणि वसईच्या बोलीत असं काही म्हणाला जे इथे लिहिता येत नाही. मग मिठी मारली. झालं होतं ते आता लख्ख होतं. नॉक दोरीवर नको इतका घट्ट आणि नळीत टेपच्या भरवशावर. दोरीने बाण पुढे ढकलला, पण नॉक क्षणभर धरून ठेवला. बाण एकटा निघाला अस्वलाकडे, दिवा मागून उडाला भलतीकडे, आणि आम्ही चार शहाणे दिव्यामागे.

"फिटिंग," मेधा म्हणाली. मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

गुलशेरने बाण हातात घेऊन टोकापासून शेवटापर्यंत पाहिला, अर्बाबला फोनवर दोन शब्द सांगितले आणि कुंपणाचं दार उघडलं. उंट एकामागून एक आले. काली सगळ्यात शेवटी, पोट सांभाळत. ती पाय टेकवेल त्या प्रत्येक जागेकडे आम्ही चौघंही बघत होतो, बाण सापडलेला असूनही. ती गोठ्यात शिरली तेव्हा सावियोने छातीवर क्रूस काढला.

निघताना गुलशेरने विचारलं, "साब, ये बत्ती का क्या करेगा अब?" त्याला तो दिवा कालीच्या गळ्यातल्या दोराला मानेच्या वर बांधायचा होता. अंधारात ती कुठे कोपऱ्यात जाऊन बसली ते कळेल म्हणे. मी दिला. टेपसकट.

घरी येऊन दोन दिवस झालेत आणि तुम्हाला काय सल्ला द्यावा हे मला अजून कळत नाहीये. नळीचं माप दुकानातच बाण नेऊन तपासा, टेपचा नाद करू नका. दोरी जाड असेल तर नॉक टिचकीला सुटतो ना ते पाहा, सुटायलाच हवा. दिव्याचेच नॉक लावून दिवसा मारून बघा, तेवढ्या बॅटरीला मरू द्या. हे सगळं पटतं. पण अस्वलाच्या खांद्यावर नेम धरलेला बाण त्याच्या पोटात का गेला? शेपूट जड होती म्हणून, नॉक उडाला म्हणून, की मी असाच मारतो? सावियो म्हणतो तिसरं. दिवे लावायचे की नाहीत, यावर मी सकाळी एक ठरवतो आणि संध्याकाळी दुसरं. अर्बाबने जागा बंद केली नाही. पण आता शेवटचा बाण सूर्य वर असतानाच, असा निरोप आहे. मग दिव्याचा उपयोग काय, हे कोणी मला समजावून सांगा.

हे लिहीत असतानाच गुलशेरचा फोटो आला. पूर्ण काळा, मधोमध एक लाल ठिपका. खाली लिहिलंय, "साब देखो."

"काली आहे," मेधा म्हणाली.

"कशावरून? नॉक गळून पडला असेल वाळूत."

"अहो, ठिपका केवढ्या उंचीवर आहे बघा."

"अंधारात उंची कशी कळते?"

ईशा मधे डोकावून म्हणाली, "जस्ट आस्क हिम, गाइज." मी टाइप केलं, गुलशेर, फोटो मत भेजो, आवाज भेजो.

आवाज आला. तिघांनी फोनला कान लावले. आधी वारा, मग कालीचा तो घोगरा सूर, पण आता हळू, घाई संपल्यासारखा. आणि त्याच्या अगदी जवळून दुसरा, बारीक, अजून नीट न जमलेला.